वंदनाताई आणि किंचित उलटी

मालकाला त्याच्याच कंपनीच्या मीटिंगमधून बाहेर काढणारी बाई, ही वंदनाताई खरातांची मला झालेली पहिली ओळख. मी तेव्हा नोकरीवर नवीन होतो. अशा ठिकाणी आपण टिकणार नाही असं वाटलं, आणि ही बाई तर संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही अशी खात्रीच झाली.

आमचं ऑफिस सिडकोत. खाली झेरॉक्सचं दुकान, मधल्या मजल्यावर शिवणक्लास, आणि त्याच्यावर आम्ही भविष्य घडवत बसलेलो. व्हीआरचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा तो डबा, एकदा चढवला की माणूस उभा असतो पिशोरसारख्या गावात आपल्या ओसरीवर आणि त्याला दिसतो कारखाना. वाळूजच्या एका कारखान्यासाठी आम्ही असंच एक प्रशिक्षण बनवलं होतं. कारखान्यात आग लागली आहे, धूर कोंदला आहे, नव्या कामगारानं त्यातून दार शोधून बाहेर पडायचं. आग खोटी, धूर खोटा, फक्त कामगार खरा. आमचा सगळा घोटाळा त्या खऱ्या कामगारापाशीच व्हायचा.

कारण आम्हाला जमतं ते त्याला जमतं का, हे तपासावं लागतं. या तपासणीला युजेबिलिटी टेस्टिंग असं भारदस्त नाव आहे. आपण बनवलेली वस्तू परक्याच्या हातात द्यायची आणि आपली फजिती डोळ्यांनी बघायची, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडं हे काम 'रिमोट' चालायचं. हेडसेट कुरिअरनं त्या माणसाच्या घरी जायचा. त्याला आत जे दिसतंय ते आम्हाला लॅपटॉपवर दिसायचं. समोर तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून तो माणूस स्वतः दिसायचा. आणि वंदनाताई सिडकोतून त्याच्याशी बोलायच्या. आमची गावं म्हणजे वेरूळ, वैजापूर, पिशोर. सकाळी एसटीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल अशी. पण आमचे मालक अभिजित सर कुठल्याशा परिषदेला बंगळूरला गेले होते आणि येताना 'रिमोट' हा शब्द घेऊन आले होते. शब्द आणलाच आहे तर वापरायला हवा.

तर त्या दिवशी वेरूळच्या एका हॉटेलात काम करणारे एक गृहस्थ डबा बांधून धुरात उभे होते. दार होतं उजवीकडं आणि ते मोठ्या निष्ठेनं डावीकडं बघत होते. चाचणी घेणाऱ्यानं अशा वेळी तोंडातून शब्द काढायचा नसतो. माणूस का चुकतोय हे कळावं म्हणून तर सगळा खटाटोप. वंदनाताई गप्प होत्या. मी शेजारी टिपणं घेत होतो. आणि केबिनमधून चोरून त्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बसलेल्या सरांना ते सहन होईना.

"उजवीकडं! अहो, उजवीकडं बघा ना! ते लाल दिसत नाही का?"

वेरूळच्या गृहस्थांनी डबा काढला आणि घरात कोण शिरलं ते बघायला ते आतल्या खोलीत गेले.

ते परत येईपर्यंत वंदनाताईंनी एक बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली, अभिजित सरांना मीटिंगमधून काढण्यात आलं आहे. पाठोपाठ केबिनचं दार उघडलं.

"मॅडम, तुम्ही मला काढलं?"

"हौ सर."

"मी मालक आहे."

"तेच म्हणते मी. कारखान्यात आग लागल्यावर तुम्ही स्वतः कामगाराच्या कानात ओरडायला जाणार असाल तर सांगा, आत्ता परत घेते."

सर केबिनमध्ये गेले. दारही हळूच लावून घेतलं.

वंदनाताई अंगानं किरकोळ. चष्मा जाड, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी पक्की बसवलेली. चाचणी सुरू होण्याआधी त्या हातातल्या बांगड्या काढून रुमालात गुंडाळायच्या, कारण मायक्रोफोनला किणकिण ऐकू जाते आणि समोरच्याला वाटतं, मॅडम काहीतरी खूण करायल्यात. नंतर जे गप्प बसायच्या ते बघण्यासारखं असायचं. सगळी अस्वस्थता उजव्या पायात उतरायची. टेबलाखाली त्यांची चप्पल सारखी हलत राहायची, आणि माणूस बरोबर दाराजवळ पोचला की पायातून निसटून पडायची. मी पडद्याकडं न बघता नुसत्या चपलेवरून टिपणं काढू शकलो असतो.

समोरचा घाबरून विचारायचा, "मॅडम, आता काय करू?"

"मी तिथं नाहीच असं समजा. तुम्हाला काय करावं वाटायलंय?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मनातलं बोला. तुमच्या मनातलं. माझं मन मी घरी ठेवून आलेय."

चाचणी संपली, बांगड्या परत हातात चढल्या, की मात्र तोंडाचा नळ सुटायचा. आमच्याकडं एक डिझायनर होता. फार हुशार, निदान त्याचं मत तसं होतं. कुणी धुरात हरवलं की तो म्हणायचा, "मॅडम, हा युजरच ट्रेन्ड नाही."

"मग? हे प्रशिक्षणच आहे ना? शिकलेल्यालाच शिकवायचं असेल तर आपण तरी कशाला? सगळे मिळून घरी जाऊ."

आधी त्या कुठल्याशा तक्रार केंद्रात फोन घ्यायच्या. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि "आपली गैरसोय झाली त्याबद्दल" वगैरे म्हणायच्या. त्या नोकरीबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता, उलट ते त्यांचं विद्यापीठ होतं. मला म्हणायच्या, "प्रसाद, माणूस शिव्या देतो तेव्हा खरं बोलतो. गोड बोलायला लागला की समजायचं, त्याला आता फोन ठेवायचाय."

आणि आमची नेमकी अडचण तीच होती. आमच्या चाचणीत सगळे गोडच बोलायचे. माणूस खोट्या भिंतीत नाक घालून उभा असायचा आणि म्हणायचा, छान आहे. धुरात गोल गोल फिरून पुन्हा जागेवर यायचा आणि म्हणायचा, मस्तच, एक नंबर. सरांच्या अहवालातले तक्ते हिरवेगार होत चालले होते. मराठवाड्यात एवढी हिरवळ आजवर दुसऱ्या कुणी केली नसेल.

वंदनाताई म्हणाल्या, "लग्नात जेवण कसं झालं विचारल्यावर कुणी भाजी खारट होती म्हणतं का? घरी गेल्यावर म्हणतं. आपल्याला त्यांचं घरी गेल्यावरचं ऐकायला पाहिजे."

त्यावर त्यांनी काढलेला उपाय जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसावा. वैजापूरच्या मोंढ्यातले एक कांद्याचे अडते होते. शेठजी मोठे दिलदार. डबा चढवल्यापासून त्यांचं 'छान छान' चालूच होतं. वंदनाताईंनी त्यांना मधेच थांबवलं.

"शेठ, एक समजा. हे सगळं तुमच्या व्याह्यांनी बनवलंय."

शेठजींनी मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवली. आवाज बदलला.

"व्याह्यांनी काय? अच्छा. मग हे दार असं का हो? याला कडी कुठंय? आणि हा धूर हाय का कापूस? आमच्या गावच्या जिनिंगमधी पण असा नसतो. अन् ही बाई काय बोलायलीय आतमधी, 'कृपया शांततेने बाहेर पडा'? आग लागलीय का साड्यांचा सेल लागलाय? अन् मला सांगा, मी हाय कुठं? मला माझे पायच दिसंनात. पाय नसलेला माणूस पळंल कसा?"

शेठजी बोलतच राहिले. मी लिहून लिहून थकलो. वंदनाताईंची चप्पल केव्हाच निसटली होती. सरांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, धिस इज नॉट सायंटिफिक." पण पुढच्या आवृत्तीत माणसाला पाय आले, दाराला कडी आली आणि बाईचा आवाजही घाबरा झाला. व्याही हा प्रकार शास्त्रात बसत नसेल, संसारात मात्र बरोबर बसतो.

मग पिशोरच्या कमलबाईंची चाचणी आली.

त्या कारखान्याला पॅकिंगच्या कामावर आसपासच्या गावांतल्या बायका घ्यायच्या होत्या. कमलबाई तिथल्या बचत गटातल्या. त्यांनाही कामावर यायचं होतं, म्हणून त्या चाचणीला तयार झाल्या. घरी शेती होती, पण हातात आपला पगार यावा असं त्यांना वाटत होतं. त्यांनी नवी साडी नेसून डबा चढवला.

आमच्या प्रशिक्षणात चालण्याची एक भारी सोय होती. हातातल्या यंत्रावरची कांडी अंगठ्यानं पुढं ढकलली की समोरचा कारखाना सरकायला लागायचा. आपण उभेच, डोळे मात्र चालतायत. सरांचा हा सगळ्यात लाडका भाग. अडचण एवढीच, की डोळे म्हणतात चाललो, पाय म्हणतात उभे आहोत, आणि या भांडणात पोटाचा जीव जातो.

"काय दिसायलंय, कमलबाई?"

"धूर दिसायलाय ताई. लई धूर."

"बरं वाटायलंय ना?"

"व्हय ताई, बरं हाय."

बोलणं ठीक होतं. पण मोबाइलच्या चित्रात त्यांच्या पायाची बोटं फरशी घट्ट धरू बघत होती. मोकळा हात मागं भिंत चाचपत होता. वंदनाताई पुढं झुकल्या.

"कमलबाई, डबा काढा."

"नाय ताई, दार दिसलंय मला. जाते की."

"दार राहू द्या. काढा म्हणते ना मी."

"झालंच ताई, झालंच."

आणि खरोखर झालं. कमलबाई दारातून बाहेर पडल्या, टाळ्यांचा आवाज आला, हवेत फुगे उडाले. त्यांनी डबा काढला, आमच्याकडं बघून हसल्या, म्हणाल्या, "झालं ना ताई बराबर?" आणि पदर तोंडाला लावून चित्रातून बाहेर गेल्या. पुढचं आम्ही नुसतं ऐकलं.

सरांना कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पण पूर्ण केलं ना तिनं?" पूर्ण केलं होतं. तक्त्यात आणखी एक हिरवी रेघ वाढली.

दुसऱ्या दिवशी वंदनाताई रजा टाकून पिशोरला निघाल्या. हेडसेट परत आणायचं निमित्त करून मीही सोबत गेलो. आमच्या रिमोट पद्धतीच्या इतिहासात समोरच्या माणसाला समोर जाऊन भेटण्याची ही पहिलीच वेळ होती.

कमलबाई आता बऱ्या होत्या. आम्हाला बघून त्यांची धांदल उडाली. मुरमुऱ्यांची गरम सुशीला आली, चहा आला, सून दारातून डोकावून गेली. वंदनाताईंनी ताटली हातात तशीच धरून विचारलं, "मी काढा काढा म्हणत होते. का नाही काढला?"

"आता काय सांगू ताई."

"सांगा की. रागावत नाय मी."

कमलबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमच्यासाठीच की. मी मधीच सोडून दिलं असतं तर तुमचे साहेब तुमाला बोलले असते. बाईमाणसाची नोकरी. माझ्या एका चक्करपायी कशाला जावा?"

वंदनाताईंचा उजवा पाय अजिबात हलत नव्हता. त्यांनी खाली बघून सुशीला संपवली. निघताना कमलबाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. एसटीत खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "प्रसाद, मी रोज विचारते, काय वाटायलंय, काय वाटायलंय. मला वाटायचं मी लोकांना सांभाळते. लोकच मला सांभाळून घ्यायलेत."

त्यानंतर अहवाल लिहिला गेला. त्यात वंदनाताईंनी साध्या अक्षरात लिहिलं, सहभागी महिलेला चक्कर आली व उलटी झाली. चालणं काढून टाकावं. त्याऐवजी समोरच्या जागेकडं बोट दाखवायचं आणि थेट तिथं पोचायचं, अशी उडीची सोय ठेवावी. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मलाही, टिपणं घेणारा म्हणून.

"मॅडम, भाषा जरा बघा ना. आपण असं लिहू, 'सहभागीस किंचित अस्वस्थता जाणवली.'"

"सर, उलटी किंचित नसते. होते, नाहीतर होत नाही."

"पण चालण्यात फील आहे. क्लायंटला तोच आवडलाय. लोकांना हळूहळू सवय होईल."

"आगीची पण होईल का?"

सरांनी अहवाल ठेवून घेतला. क्लायंटकडं गेला तेव्हा उलटी किंचित झाली होती. वंदनाताईंनी आपलं नाव मात्र त्यावरून काढायला लावलं. त्यासाठी त्या दिवसभर सरांच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, मॅडम इथं का? त्या सांगायच्या, "नाव काढायला आलेय." आपल्याकडं लोक नाव काढायला आयुष्य घालवतात. त्यांचं काम एका दिवसात झालं.

मग वाळूजला कारखान्यात सादरीकरण ठरलं. सर, मी आणि हेडसेटची पेटी. वंदनाताई नेहमीसारख्या सिडकोतून, समोर टेकवलेल्या मोबाइलमधून बघत, स्पीकरवर. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी गायकवाड म्हणून होते, जाडजूड आणि अबोल गृहस्थ. सरांचं पाऊण तास भाषण झालं. ते संपल्यावर गायकवाड एवढंच म्हणाले, "तुम्हीच घालून दाखवा की. आम्ही पडद्यावर बघतो."

आता एक गोष्ट सांगायला हवी. सरांचा डबा घातलेला मोठा फोटो आमच्या ऑफिसात दर्शनी भागी होता, दोन्ही हात भविष्याकडं पसरलेले. फोटो काढण्यापुरता सोडला तर सरांनी तो डबा कधी घातला असेल असं मला वाटत नाही. पण नाही कसं म्हणणार? सरांनी हसत हसत डबा चढवला.

स्पीकरवर आवाज आला, "सर, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा."

"येस. एकदम इमर्सिव्ह वाटतंय. छान."

सर चालायला लागले. म्हणजे कारखाना सरकायला लागला. एक वळण झालं, दुसरं झालं.

"छान आहे. मॅडम, दार कुठंय?"

"तुम्हाला कुठं असावं वाटायलंय?"

"मॅडम, चेष्टा नको."

"चेष्टा नाही सर. पद्धत आहे."

गायकवाड पहिल्यांदा हसले. सरांनी कांडी जोरात दाबली. धूर, खांब, भिंत, सगळं गरागरा फिरलं. "छान... आहे," सर म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती. मी पडद्यावरच्या दाराकडं बघत होतो. वंदनाताई तिकडून सरांच्या गुडघ्यांकडं बघत असाव्यात, कारण एकाएकी त्यांचा आवाज बदलला.

"सर, थांबा. अंगठा उचला. डोळे मिटा आधी, मग डबा काढा. प्रसाद, खुर्ची दे मागं. पटकन!"

मी खुर्ची सरकवली आणि त्याच क्षणी सर तिच्यावर कोसळले. नसती तर फरशीवर डोकंच आपटलं असतं. चाचणीत बोलायचं नाही हा नियम वंदनाताईंनी कमलबाईंनंतर पुन्हा मोडला, आणि तो ज्यांच्यासाठी मोडला त्यांनी कोपऱ्यातली कारखान्याची चकचकीत कचराकुंडी जवळ ओढून घेतली. किंचित अस्वस्थता बराच वेळ चालली.

गायकवाडांनी स्वतः पाणी आणून दिलं. सर सावरल्यावर ते म्हणाले, "साहेब, आमच्या बाईला पहिल्या दिवशी असं झालं, तर दुसऱ्या दिवशी ती येईल का?"

चालणं निघालं. उडी आली. पुढच्या परिषदेत सरांनी यावर भाषण केलं, विषय होता 'युजरच्या वेदनेतून मी काय शिकलो'. म्हणजे वेदनाही त्यांची आणि शिकलेही तेच, असा दुहेरी योग होता.

कमलबाई कारखान्यात लागल्या. वंदनाताईंचं मात्र उलटं झालं. सरांनी सर्वांसमोर त्यांचं कौतुक केलं तेव्हाच मला शंका आली होती. थोड्याच दिवसांत नवी व्यवस्था आली. चाचणीला आता कुणी बघणारं लागणार नव्हतं. माणसानं डबा घालायचा, प्रशिक्षण संपलं की हवेत गोल चेहरे तरंगणार, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातला एक निवडायचा. हसरा चेहरा सगळ्यात मोठा आणि मधोमध होता. लोक तोच निवडू लागले. तक्ते पुन्हा हिरवे झाले. वंदनाताईंना सांगण्यात आलं, तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही, फक्त तुमचं पदच उरलेलं नाही.

निरोपाला केक आणला. त्यावर नाव लिहिलं होतं 'वदंना'. वंदनाताईंनी तुकडा खाल्ला आणि सरांकडं बघून म्हणाल्या, "छान आहे." सर खूश झाले. त्या शब्दाची किंमत ठाऊक असलेला मी एकटाच तिथं होतो.

जिन्यात मी त्यांची पिशवी घेतली. शिवणक्लासपाशी त्या थांबल्या. मला वाटलं डोळे पुसतील, पण चष्मा पुसला.

"प्रसाद, एक काम कर. कमलबाई कधी कारखान्यात भेटली, तर मी गेले म्हणून सांगू नको. तिला वाटेल, तिच्यामुळं गेले."

"पण तसं नाहीये, ताई."

"तुला ठाऊक, मला ठाऊक. तिला कोण पटवील?"

त्या खाली उतरून गेल्या.

पुढं काही महिन्यांनी सरांच्या लक्षात आलं, की हेडसेटचा एक चार्जर वंदनाताईंकडं राहिलाय. कंपनीनं नवे करार केले होते, गुंतवणूकदार येऊन गेले होते, पण चार्जरची हळहळ काही केल्या जाईना. मला मुकुंदवाडीला पाठवलं.

दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, खाली टेबलावर लॅपटॉप. त्या आता पुण्याच्या कुणासाठी तरी घरूनच काम करत होत्या, बँकेचं अॅप म्हाताऱ्या माणसांना जमतं का ते बघायचं. त्या फोनवर होत्या. मला हातानंच बस म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी पुढं ठेवलेला चहा पिऊन झाला, तरी फोन चालूच. त्या फार बोलत नव्हत्या. "हं", "बरं", "मग?" एवढंच.

मधे फोनवर हात ठेवून त्यांनी मला हळूच सांगितलं, "वैजापूरचे एक गुरुजी आहेत. मागं आपल्या चाचणीला होते. बायको गेली त्यांची. आठ-पंधरा दिवसांनी फोन करतात, मशीन पुन्हा कधी पाठवणार म्हणून."

"तुम्ही आता तिथं नाही, हे सांगितलं नाही?"

"सांगितलं की. तरी मशीनचंच विचारतात. त्यांनाही काहीतरी निमित्त लागतंच ना."

आत कुकरची शिट्टी झाली. त्या फोन कानाला लावूनच उठल्या, एका हातानं गॅस बंद केला, त्याच हातानं फडताळातून रबर लावून गुंडाळलेला चार्जर काढला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. मी खुणेनंच येतो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण लक्ष पलीकडं होतं. उंबऱ्याशी येऊन त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी गाडी वळवली तेव्हाही तशाच उभ्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले, भुवया जरा वर गेलेल्या, जणू गुरुजी समोरच बसलेत.

"मग?" त्या म्हणत होत्या. "आलं का मांजर परत?"